१९७८ : चषक कोणाचा, आनंद कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

शेतमालाचे भाव, कामगार कायदे आणि पक्षबांधणी या विषयांच्या रांगेत फुटबॉलवरचे व्याख्यान पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. एका ज्येष्ठ साथीने मघाशी चहाच्या वेळी मला विचारलेच, की बावीस माणसे एका चेंडूमागे धावतात, त्यात आपण अभ्यास करावा असे काय आहे? प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर असे, की जे कोट्यवधी कष्टकऱ्यांना रात्रभर जागवते, रडवते आणि रस्त्यावर आणते, त्याकडे राज्यकर्त्यांचे नेहमीच बारीक लक्ष असते. आपले मात्र नसते. एक तर आपण खेळाला अफूची गोळी म्हणून झटकून टाकतो, नाही तर आपणही चारचौघांसारखे टाळ्या वाजवून मोकळे होतो. या दोन्ही सवयी तपासून पाहण्यासाठी मी फुटबॉलच्या इतिहासातले एकच वर्ष निवडले आहे. ते वर्ष १९७८, आणि तो देश अर्जेंटिना.

आपल्या दृष्टीने एक योगायोग आधीच सांगतो. त्या वर्षीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना २५ जून रोजी झाला. बरोबर तीन वर्षांपूर्वी, २५ जून १९७५ च्या रात्री, आपल्या देशात आणीबाणी पुकारली गेली होती. मार्च १९७७ मध्ये भारतीय मतदाराने त्या राजवटीला मतपेटीतून घरी पाठवले. अर्जेंटिनाच्या जनतेला ती संधी १९८३ सालापर्यंत मिळाली नाही. आणीबाणीत तुरुंग पाहिलेले जे साथी आज येथे बसले आहेत, त्यांना पुढची हकीकत ऐकताना फारसे स्पष्टीकरण लागणार नाही.

लष्करशहांच्या हाती आलेला खेळ

विश्वचषकाचे यजमानपद अर्जेंटिनाला १९६६ साली मिळाले होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या देशात सरकारे आली आणि गेली. अखेर २४ मार्च १९७६ रोजी जनरल व्हिडेला, अॅडमिरल मासेरा आणि ब्रिगेडियर अगोस्ती या तिघा सेनाधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. संसद बरखास्त झाली, पक्षांवर बंदी आली, कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघावर लष्करी प्रशासक बसवण्यात आला, संप हा गुन्हा ठरला. त्या दिवशी आकाशवाणीवरून एकामागून एक लष्करी फर्माने वाचून दाखवली जात होती आणि नेहमीचे सारे कार्यक्रम बंद होते. त्यातून फक्त एका गोष्टीला सवलत मिळाली. अर्जेंटिनाचा संघ त्या दिवशी पोलंडमध्ये खेळत होता. त्या सामन्याचे प्रक्षेपण चालू ठेवावे, असे तेविसाव्या फर्मानात सांगितले होते. घटना गुंडाळून ठेवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी फुटबॉलची आठवण ठेवली, यावरून त्यांची समज दिसते.

ही राजवट केवळ काही माथेफिरू सेनाधिकाऱ्यांची होती, असे समजण्याचे कारण नाही. मार्तिनेझ दे होस हे बड्या जमीनदार घराण्यातले गृहस्थ अर्थमंत्री झाले. वेतने गोठवली गेली, भाव मोकळे सोडले गेले, आणि कामगाराच्या खऱ्या वेतनाची खरेदीशक्ती वर्षभरात पार कोसळली. रोदोल्फो वॉल्श या पत्रकाराने सत्तांतराच्या पहिल्या वर्षदिनी लष्करी मंडळाला एक अनावृत पत्र लिहिले. खुनांचा हिशेब मांडून झाल्यावर त्याने लिहिले, की लक्षावधी लोकांवर लादलेले ठरवून केलेले दारिद्र्य हा याहूनही मोठा अत्याचार आहे. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्च १९७७ रोजी, त्याला रस्त्यावर गाठून मारण्यात आले.

पुढे १९८४ साली लोकनियुक्त सरकारच्या चौकशी आयोगाने बेपत्ता झालेल्या ८,९६१ व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० धरतात. आयोगाच्या नोंदींतील सुमारे तीस टक्के माणसे कारखान्यांतील कामगार होती. विद्यार्थी, शिक्षक, वकील, पत्रकार होतेच. परंतु सर्वांत मोठा वाटा कामगारांचा होता. फोर्ड मोटार कंपनीच्या कारखान्यातील २४ कामगारांच्या अपहरण व छळाच्या प्रकरणात कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांना २०१८ साली शिक्षा झाली. चाळीस वर्षे उशिरा का होईना, बंदूक कोणासाठी चालली होती हे न्यायालयाच्या निकालातच नोंदले गेले.

अशा राजवटीला जगापुढे हसरा चेहरा हवा होता, आणि विश्वचषक तो पुरवू शकत होता. स्पर्धेसाठी एक स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. त्याचे प्रमुख जनरल आक्तिस यांचा ऑगस्ट १९७६ मध्ये, पहिल्या पत्रकार परिषदेला जाण्याच्या वेळी, खून झाला. ठपका सशस्त्र गटांवर ठेवण्यात आला; परंतु संशयाची सुई नौदलाकडेही वळली, आणि खरी सूत्रे त्यानंतर नौदलाच्या लाकोस्ते या अधिकाऱ्याच्या हाती गेली. मार देल प्लाता, मेंदोसा आणि कोर्दोबा येथे नवी मैदाने उभी राहिली, जुनी दुरुस्त झाली, रंगीत दूरचित्रवाणीचे केंद्र बांधले गेले. त्यातही एक गंमत होती. सामने रंगीत दिसले ते परदेशात. अर्जेंटिनाच्या घराघरांत ते कृष्णधवलच दिसले. एकूण खर्च पन्नास कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. चार वर्षांनी स्पेनने भरवलेल्या स्पर्धेच्या खर्चाच्या तो कित्येक पट होता. अर्थखात्यातील सचिव आलेमान यांनी या उधळपट्टीवर उघड टीका केली. २१ जून १९७८ च्या रात्री, अर्जेंटिनाचा संघ पेरूविरुद्ध चौथा गोल करीत असताना, त्यांच्या घरी बॉम्बस्फोट झाला. उजव्या विचाराच्या, राजवटीतल्याच माणसाची ही गत, तर इतरांची काय कथा!

पाहुण्यांच्या नजरेला गरिबी पडू नये म्हणून राजधानीतल्या झोपडपट्ट्यांवर बुलडोझर चालले. त्या काही वर्षांत ब्यूनस आयर्समधून लाखाहून अधिक झोपडीवासी हुसकावले गेले. रोझारियो शहरात विमानतळाच्या रस्त्यालगतची वस्ती दिसू नये म्हणून भिंत उभारली गेली. आपण दूरच्या देशाला नावे ठेवण्याआधी हेही आठवावे, की दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांची मैदाने बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनसुद्धा मिळत नव्हते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, हे सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी सांगावे लागले. भव्य क्रीडासोहळ्याच्या पायाखाली कोण गाडले जाते हे विचारण्याची जबाबदारी आपली असते. ती दुसरे कोणी घेत नाही.

गुरुवारचा दिवस

आता १ जून १९७८ या दिवसाकडे येऊ. त्या दिवशी रिव्हर प्लेट क्लबच्या मैदानावर स्पर्धेचे उद्घाटन झाले. शेकडो मुलांनी कवायती केल्या, कबुतरे सोडली गेली, आणि जनरल व्हिडेला यांनी शांततेवर भाषण केले. फुटबॉलच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष हॅवेलँज शेजारी उभे होते. नंतर पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

तो गुरुवार होता, आणि गुरुवारला त्या शहरात आणखी एक अर्थ होता. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर प्लाझा दे मायो नावाचा चौक आहे. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया तेथे प्रथम जमल्या. त्यांच्या मुलामुलींना रात्री-अपरात्री उचलून नेण्यात आले होते. आणि पोलीस ठाणे, न्यायालय, बराक, चर्च, कोठेच त्यांना उत्तर मिळत नव्हते. वेढ्याच्या कायद्याने जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, येथे उभे राहायचे नाही, चालत राहा. तेव्हा त्या दोघी-दोघी करून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. जमावबंदीचा हुकूम त्यांनी असा पाळला, की त्यातूनच मोर्चा जन्माला आला! एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे कापड बांधले. प्रथम जे बांधले ते मुलांच्या बाळपणीचे लंगोट होते. या कामात पुढाकार घेणारी असुसेना व्हियाफ्लोर हिला १० डिसेंबर १९७७ रोजी पळवण्यात आले. त्याच दोन-तीन दिवसांत आणखी दोन माता, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या दोन फ्रेंच जोगिणी आणि इतर काही सोबती नाहीसे झाले. त्यांच्यात भाऊ हरवल्याचे सोंग करून शिरलेला नौदलाचा अधिकारी आस्तिस याने त्यांना पकडून दिले होते. व्हियाफ्लोरची हाडे २००५ साली ओळखली गेली. तिला विमानातून जिवंत समुद्रात फेकले होते, आणि लाटांनी तिचे प्रेत किनाऱ्याला आणून सोडले होते.

एवढे होऊनही १ जूनच्या त्या गुरुवारी माता चौकात आल्या. जगभरचे वार्ताहर मैदानावर असताना हॉलंडच्या दूरचित्रवाणीची एक तुकडी कॅमेरा घेऊन चौकात गेली. आमची मुले कोठे आहेत, जिवंत आहेत की मेली आहेत, एवढेच आम्हाला सांगा, असे त्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आक्रोश करीत सांगत होत्या. ती चित्रे युरोपच्या घराघरांत पोचली. लष्करशहांनी कोट्यवधी डॉलर खर्चून जगाचे कॅमेरे आपल्या देशात आणले. त्यांतलाच एक कॅमेरा तेरा महिने चौकात चालत असलेल्या आयांकडे वळला.

एक किलोमीटरचे अंतर

रिव्हर प्लेटच्या मैदानापासून सुमारे एक किलोमीटरवर नौदलाची यांत्रिकी शाळा होती. त्या शाळेतल्या अधिकाऱ्यांच्या निवासात देशातले सर्वांत कुप्रसिद्ध छळकेंद्र चालत होते. सुमारे पाच हजार माणसे तेथे आणली गेली. जिवंत बाहेर पडले ते मूठभर. माळ्यावर डोक्यात टोप्या घालून, पायांत बेड्या अडकवून कैदी ठेवलेले असत. मैदानावर गोल झाला की प्रेक्षकांचा कल्लोळ त्यांना ऐकू येई. वाचलेल्या अनेकांनी ही साक्ष दिली आहे.

ग्रासिएला दालेओ ही त्यांतली एक. अंतिम सामन्याच्या संध्याकाळी छळकेंद्राचा मुख्य अधिकारी आकोस्ता कैद्यांच्या खोलीत आला आणि आपण जिंकलो, आपण जिंकलो, असे ओरडत त्यांना मिठ्या मारू लागला. दालेओच्या मनात आले, की हे जिंकले असतील तर आपण हरलो. नंतर तिला आणि आणखी काही कैद्यांना मोटारीत घालून विजयोत्सव दाखवायला नेण्यात आले. तिने मोटारीच्या छताच्या झरोक्यातून डोके बाहेर काढले. रस्ताभर माणसे नाचत होती, गात होती. तिला वाटले, मी आता बेपत्ता आहे असे ओरडले, तरी कोणी ढुंकूनही पाहणार नाही. तिने पुढे न्यायालयात साक्ष दिली, आणि हा प्रसंगही ती सांगत राहिली.

आपल्यासारख्यांनी या प्रसंगाशी थोडे थांबले पाहिजे. तिच्याभोवती नाचणारे लोक कोण होते? ते लष्कराचे हस्तक नव्हते. ज्यांची वेतने कापली गेली, ज्यांच्या संघटना बंद पडल्या, ज्यांच्या शेजारचा मुलगा एका रात्री नाहीसा झाला, तेच ते लोक होते. एका मातेने नंतर सांगितले आहे, की ती स्वयंपाकघरात रडत असे आणि पुढच्या खोलीत तिचा नवरा दूरचित्रवाणीसमोर गोल झाला म्हणून ओरडत असे. मूल दोघांचेही हरवले होते. त्या बापाला आपण काय म्हणणार? प्रतिगामी? निर्बुद्ध? ज्याला त्याची कीव येत नाही, त्याने समाजवादाची भाषा न बोललेली बरी.

मैदानावर काय घडले

आता खेळाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तो खेळही खराच होता. अर्जेंटिनाचा प्रशिक्षक सेसार लुईस मेनोत्ती हा डाव्या विचारांचा, कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असलेला माणूस. फुटबॉल हा गल्लीबोळांतल्या कष्टकरी मुलांनी घडवलेला खेळ आहे आणि तो देखणाच खेळला पाहिजे, अशी त्याची श्रद्धा होती. सतरा वर्षांच्या मॅराडोनाला त्याने संघातून वगळले, हेही लोकांनी फार दिवस लक्षात ठेवले.

हंगेरी आणि फ्रान्स यांना हरवून, इटलीकडून एका गोलाने हरून, हा संघ दुसऱ्या फेरीसाठी रोझारियोला गेला. तेथे पोलंडवर विजय, ब्राझीलशी बरोबरी. शेवटच्या दिवशी ब्राझीलने आपला सामना आधी उरकला होता. त्यामुळे अंतिम सामना गाठण्यासाठी पेरूला किमान चार गोलांच्या फरकाने हरवले पाहिजे, हे अर्जेंटिनाला मैदानात उतरण्याआधीच ठाऊक होते. सामन्यापूर्वी व्हिडेला हे किसिंजर यांना बरोबर घेऊन पेरूच्या खेळाडूंच्या खोलीत जाऊन आले. अर्जेंटिना ६–० असा जिंकला. २१ जूनच्या त्या सामन्यावर आजवर अनेक आरोप झाले. गव्हाच्या जहाजांचे बोलले गेले, कर्जाचे बोलले गेले. पेरूच्या लष्करी सरकारने मे १९७८ मध्ये आपल्या तेरा विरोधकांना अर्जेंटिनाच्या ताब्यात दिले होते. त्यांतले एक, खेनारो लेदेस्मा यांनी २०१२ साली न्यायाधीशांपुढे सांगितले, की सामना हा त्या सौद्याचाच भाग होता. परंतु सौदा आजवर सिद्ध झालेला नाही. पेरूच्या एका फटक्याने सुरुवातीलाच गोलखांबाला धडक दिली होती, हेही सामना पाहणाऱ्यांना आठवत असेल.

२५ जूनला अंतिम सामना हॉलंडशी झाला. केम्पेसने पहिला गोल केला. सामना संपायला आठ मिनिटे उरली असताना नानिंगाने बरोबरी साधली. अगदी अखेरच्या क्षणी रेन्सेनब्रिंकचा चेंडू गोलखांबावर आदळून परतला. तो दोन-चार बोटे आत असता, तर व्हिडेला यांना चषक परक्या कर्णधाराच्या हाती द्यावा लागला असता. जादा वेळेत केम्पेस आणि बेर्तोनी यांनी गोल केले. अर्जेंटिना ३–१ असा जिंकला आणि पासारेल्लाने हुकूमशहाच्या हातून चषक स्वीकारला.

त्या संध्याकाळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सामना संपताच गोलरक्षक फियोल आणि बचावपटू तारांतिनी गुडघ्यांवर बसून एकमेकांना मिठी मारीत आहेत. प्रेक्षकांतून धावत आलेला एक तरुण त्यांच्यापाशी पोचला आहे. लहानपणीच्या अपघातात त्याचे दोन्ही हात गेले आहेत, आणि त्याच्या स्वेटरच्या रिकाम्या बाह्या पुढे झेपावून जणू त्या दोघांना मिठी घालीत आहेत. हा आनंद लष्करशहांनी छापून काढला नव्हता. तो त्या तरुणाचा स्वतःचा होता. व्हिडेला यांनी चोरले ते हेच.

बहिष्कार की सहभाग?

त्या वर्षी जगभरच्या डाव्या चळवळीपुढे एक खरा प्रश्न उभा होता. फ्रान्समध्ये बहिष्कार समिती स्थापन झाली, हॉलंडमध्ये दोन रंगकर्मींनी गोलखांबाला रक्त लागले आहे असे सांगत गावोगाव प्रचार केला. अॅम्नेस्टीने बहिष्काराऐवजी प्रत्येक वार्ताहराच्या आणि खेळाडूच्या हाती माहिती देण्याचा मार्ग धरला. खुद्द अर्जेंटिनातल्या मोंतोनेरोस या सशस्त्र गटाने बहिष्काराला विरोध केला. जनतेचा आवडता सोहळा तिच्याकडून काढून घेऊ नका. संघ विजयी होवो, व्हिडेला भिंतीशी उभा राहो, अशी त्यांची घोषणा होती. संघ विजयी झाला. व्हिडेला मात्र जागच्या जागी राहिला.

सोव्हिएत रशियाची भूमिका यापेक्षाही बोलकी आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये, चिलीतील लष्करी उठावानंतर, सँटियागोच्या ज्या मैदानावर कैदी डांबून छळले गेले तेथे खेळण्यास सोव्हिएत संघाने नकार दिला होता. जागतिक महासंघाने मैदानाला निर्दोष ठरवले, आणि चिलीच्या खेळाडूंनी समोर कोणीही नसताना रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला. तो नकार अभिमानास्पद होता. परंतु अर्जेंटिना रशियाला धान्य विकत होता. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात अर्जेंटिनाच्या निषेधाचा प्रश्न आला, तेव्हा सोव्हिएत गट आडवा आला. आणि अर्जेंटिनाच्या कम्युनिस्ट पक्षाने व्हिडेला यांना मवाळ ठरवून त्यांच्याशी सहकार्याची भाषा केली. इकडे किसिंजर यांनी १९७६ मध्येच अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांना सुचवले होते, की जे करायचे ते लवकर उरका. पुढे खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांतच त्याची नोंद आहे. दोन्ही महासत्तांना बेपत्ता माणसांपेक्षा आपापले हिशेब महत्त्वाचे वाटले. लोकशाही समाजवाद्यांनी दोन्ही गटांपासून अंतर राखले, म्हणून आपल्याला भाबडे म्हटले गेले. त्या भाबडेपणाबद्दल आपल्याला शरम वाटण्याचे कारण नाही.

बहिष्कार योग्य होता का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. बाहेरच्या देशांतील माणसांनी बहिष्काराची मागणी केली ती योग्यच होती. त्या मागणीमुळेच तर वार्ताहर डोळे उघडे ठेवून गेले. परंतु अर्जेंटिनाच्या कामगाराला, तू हा सामना पाहू नकोस, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. माता स्वतः काय करीत होत्या ते पाहा. त्या मैदानावर जाऊन लोकांना शिव्या देत नव्हत्या. त्या आपल्या चौकात, आपल्या दिवशी, आपल्या मुलांची नावे घेऊन चालत होत्या.

दंतकथा आणि नोंद

येथे मला आपल्याच बाजूचा एक दोष दाखवायचा आहे. हॉलंडचा महान खेळाडू क्रायफ १९७८ साली अर्जेंटिनाला गेला नाही. राजवटीचा निषेध म्हणून तो गेला नाही, ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. २००८ साली क्रायफने स्वतःच सांगितले, की बार्सिलोनातील त्याच्या घरात शस्त्रधारी घुसले होते, कुटुंबाला धोका होता, म्हणून तो गेला नाही. आपली गोष्ट छान होती, पण खरी नव्हती. पेरूच्या सामन्याविषयीही संशयाला पुराव्याचे कपडे चढवण्याचा मोह आपण टाळला पाहिजे.

खोटे रचणे हे काम राजवटीकडे होते, आणि तिने ते मन लावून केले. 'एल ग्राफिको' या क्रीडासाप्ताहिकाने हॉलंडचा कर्णधार क्रोल याने आपल्या लहान मुलीला लिहिलेले पत्र छापले. येथे सर्वत्र शांती आहे, सैनिकांच्या बंदुकांतून फुले सुटतात, अशा आशयाचे ते पत्र. क्रोलने ते लिहिलेच नव्हते. 'पारा ती' या स्त्रियांच्या साप्ताहिकाने अर्जेंटिनाविषयीचे 'सत्य' परदेशी पाठवण्यासाठी वाचकांना छापील कार्डे पुरवली. याच्या उलट मातांचे काम पाहा. नाव, वय, पळवल्याची तारीख, वेळ, मोटारीचा रंग, साक्षीदार कोण. अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या गृहिणींनी घरच्या वह्यांत या नोंदी केल्या. त्यांतला तपशील १९८४ च्या आयोगापुढे आणि १९८५ च्या लष्करशहांवरील खटल्यात कामी आला. व्हिडेला यांना जन्मठेप झाली, १९९० साली माफी मिळाली, ती माफी पुढे रद्द झाली, आणि १७ मे २०१३ रोजी ते तुरुंगातच मरण पावले.

खेळाडूंचेही काय झाले ते सांगतो. मेनोत्तीने १९७८ साली व्हिडेलाशी हस्तांदोलन केले. १९८० साली बेपत्तांची यादी प्रसिद्ध करा अशी मागणी करणाऱ्या जाहीर निवेदनावर सहीही केली. आघाडीचा खेळाडू लुके याने पुढे कबूल केले, की जे नंतर कळले ते पाहता त्या विजयाचा अभिमान सांगवत नाही. २००८ साली, तीस वर्षांनी, त्याच मैदानावर बेपत्तांच्या स्मरणार्थ सामना झाला, त्यात तोही सामील झाला. या माणसांना दोषी ठरवण्याची मला घाई नाही. लाकोस्ते मात्र १९८० साली जागतिक महासंघाचे उपाध्यक्ष झाले. त्याबद्दल त्या संस्थेला आजही जाब विचारला पाहिजे.

आणि जनता? रस्त्यावर नाचली म्हणून ती कायमची लष्कराची झाली का? अंतिम सामन्यानंतर दहाच महिन्यांनी, २७ एप्रिल १९७९ रोजी, बंदी झुगारून कामगारांनी राजवटीविरुद्ध पहिला सार्वत्रिक संप केला. ३० मार्च १९८२ रोजी कामगार त्याच प्लाझा दे मायोकडे निघाले आणि त्यांनी लाठ्या-गोळ्या खाल्ल्या. तीनच दिवसांनी लष्करशहांनी फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले; १४ जूनला शरणागती पत्करली; आणि १९८३ अखेर देशात लोकनियुक्त सरकार आले. चषकाने मिळवून दिलेली पुण्याई त्यांना चार वर्षेही पुरली नाही.

साथींनो, शेवटी एकच घटना सांगतो आणि थांबतो. लाउरा कार्लोत्तो ही ला प्लाता शहरातील विद्यार्थिनी पकडली गेली तेव्हा गर्भवती होती. २६ जून १९७८ रोजी, म्हणजे विजयाच्या दुसऱ्या दिवशी, रस्त्यांवर अजून कागदाचे कपटे पडलेले असताना, बंदिवासात तिला मुलगा झाला. काही तासांतच तो तिच्यापासून काढून घेण्यात आला. ऑगस्टमध्ये तिला ठार करण्यात आले. तिची आई एस्तेला, पेशाने शिक्षिका, पळवलेल्या नातवंडांना शोधणाऱ्या आज्यांच्या संघटनेत गेली आणि पुढे तिची अध्यक्ष झाली. तिने इतरांची शंभराहून अधिक नातवंडे शोधून दिली. तिचा स्वतःचा नातू ऑगस्ट २०१४ मध्ये सापडला. तो छत्तीस वर्षांचा संगीतकार झाला होता, आणि आपल्या जन्माविषयी शंका आल्यामुळे त्याने स्वतःच रक्ताची तपासणी करून घेतली होती. आजवर अशी एकशेतीसहून अधिक नातवंडे सापडली आहेत. शेकडो अजून सापडायची आहेत.

मघाच्या ज्येष्ठ साथीला माझे उत्तर हे आहे. लोक आनंदात असतील तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. त्यांना आनंदाचे प्रसंग फार थोडे मिळतात. परंतु त्या गर्दीत कोण नाही, कोणाची जागा रिकामी आहे, याची वही मात्र आपल्यापाशी असू द्या. गोंगाट ओसरतो. मग लोक विचारायला येतात. तेव्हा त्या वहीतले एकही नाव चुकीचे असता कामा नये.